आबांची पट्टी आणि होकार देणारा भोपळा

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात डोक्याला बांधायची एक पट्टी बनतेय. हात नको, तोंड नको. मेंदूतले सिग्नल पकडायचे आणि माणसाचं म्हणणं स्क्रीनवर उमटवायचं. भारी वाटतं ना? पण या लॅबमध्ये पट्टी राहिली बाजूला, आम्हीच धक्के खाऊन बेजार! चहाला बसलं की मी एकेक किस्सा काढते.

पट्टी तामलवाडीच्या आबांसाठी. लकव्यानं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "यांना काही कळत असेल असं वाटत नाही." खरंच कळत नाही का, तेवढंच आम्हाला शोधायचं होतं.

* * *

पहिल्या दिवशी सिग्नलच नाही! वायरी बदलल्या, बॅटरी बदलली. शेवटी आबांच्या डोक्याला हात लावला, तर बोटं तेलानं माखली.

"सायबांकडं न्यायचं म्हणून म्या चांगलं चपचपीत चोपडलं," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे आबांची बायको. त्या दिवशी अख्खी लॅब शिकेकाई शोधत फिरली.

* * *

शिपाई दगडूमामांना पट्टी बांधली आणि स्क्रीनवर लाटाच लाटा! आमचे प्रोजेक्टचे सर ताडकन उठले. "मामा, कसला विचार करताय?"

मामा खिडकीतून थुंकून आले. "कसला न्हाय. सुपारी चघळत होतो."

* * *

मग एकदा आबांना विचारलं, "कळतंय का?" स्क्रीनवर 'होय'! मी नाचायचीच बाकी होते. सर म्हणाले, "थांब." त्यांनी पट्टी काढून स्वतःच्या भाजीच्या पिशवीतल्या लाल भोपळ्याला बांधली. "कळतंय का?"

'होय.'

आबांचा मुलगा उठला. "म्हंजे आमचा बाप भोपळा व्हय?"



* * *

चार महिने राबलो तेव्हा भोपळा गप्प झाला. आता हो-नाही नको, अक्षरंच घ्यायचं ठरलं. स्क्रीनवर एकेक अक्षर चमकणार, हवं ते आलं की आबांनी मनात धरायचं. मुलानं बजावलं, "ही शेवटची खेप. पुन्हा न्हाय आणणार."

काकू नेहमीसारख्या आबांशी बोलत होत्या. चाळीस वर्षं नवऱ्यानं तोंड उघडू दिलं नव्हतं म्हणे; त्याला काही कळत नाही म्हटल्यापासून त्या रोज सगळं ओकून टाकायच्या. "तुमच्या बहिणीनं माझी बोरमाळ नेली, तवा मी गप बसले. पर दुसऱ्या दिवशी म्या काय केलं, ठाव हाय का?"

"काकू, आता गप्प बसा," मी म्हटलं. "सिग्नल गडबडतो."

अर्धा तास गेला. काहीच नाही. मुलानं चप्पल घातली.

तेवढ्यात एक अक्षर आलं. मग दुसरं. मग आणखी दोन.

'पुढं सांग.'

काकू मटकन खाली बसल्या. "अगं बया! समदं ऐकलंत?"