मांडीवरची गिटार

पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या मशीनने तिच्या डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली, तेव्हा शुद्धीवर येताच तिने पहिला प्रश्न विचारला तो गिटारचा. आईने कपाळावर हात मारून घेतला. "बोटं गेली, जीभ तेवढी शाबूत आहे," असं म्हणाली आणि मग बराच वेळ रडली.

कारखान्यात तिला ठिणगी म्हणायचे, ते काही उगाच नाही. दादाच्या बँडमध्ये दादा गायचा आणि ती गिटार वाजवायची. गिटारचं गणित सरळ आहे: उजवा हात तारा छेडतो, पण सूर ठरवतो तो तारा दाबणारा डावा. नेमका तोच हात अधू झाला होता.

टाके निघाले तशी दादाने खंजिरी तिच्यापुढे ठेवली. "कारखान्याच्या कार्यक्रमाला तू ही वाजव. गिटारला मी दुसरा बघितलाय. तुझ्याच भल्यासाठी गं."

"माझं भलं तुझ्याकडे कधी गहाण टाकलं होतं का मी?"

माणसं कळवळ्याच्या नावाखाली दुसऱ्याची जागा किती चटकन रिकामी करतात! दादा वाईट नव्हता. त्याला तिचं हसं व्हायला नको होतं, आणि स्वतःचं तर त्याहून नको होतं.

ती हट्टाला पेटली. आधी घरातली क्लासिकल गिटार घेतली. नायलॉनच्या तारा, मऊ बोलणं. पण तारांखालची पट्टी एवढी रुंद की आखूड बोटं पोचेनात. मग मैत्रिणीची अकूस्टिक आणली. तिचा आवाज दणदणीत, पण पोलादी तारा कोवळ्या कातडीत अशा रुतायच्या की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग बँडमधली इलेक्ट्रिक. तिचं अंग भरीव, आवाज अँपमधून येणारा, तारा बारीक. नुसतं टेकलं तरी पुरे. पण धड उरलेल्या दोन बोटांत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, अर्धाच वाजायचा. हात बदलून पाहिले, तर उजवा हात पहिलीतल्या पोरासारखा चाचपडू लागला. त्या दिवशी ती पहिल्यांदा ढसाढसा रडली.

उरली होती हवाईयन. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारा न दाबता त्यांवरून पोलादी सळई सरकवायची. "ही गिटार आहे की इस्त्रीचं टेबल?" अशी टिंगल तिनेच आजवर केली होती. आता स्वतःचेच शब्द गिळायचे होते. गिळले.

मैत्रिणीच्या अकूस्टिकच्या तारा तिने पट्टीपासून उंच उचलून घेतल्या आणि मोकळ्या छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशा लावल्या. सळई मात्र दुकानातली घेतली नाही. तिची बोटं नेणारं मशीन भंगारात निघालं होतं; त्यातली बोटाएवढी जाड, गुळगुळीत पिन तिने फिटरकडून मागून आणली. "बोटं तू घेतलीस ना? मग आता बोटांचं काम तूच कर," तिने पिनेला बजावलं.

सुरुवातीला गिटार शेपटी अडकलेल्या मांजरासारखी केकाटत होती. आईने दारं लावून घेतली, पण बंद कर असं एकदाही म्हणाली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नवा वादक तिच्या खुर्चीत बसला होता. तिने घरून आणलेली खुर्ची थेट दादाच्या शेजारी ठेवली. गिटार मांडीवर आडवी झाली.

"इस्त्री करायला आलीस?" दादा दबक्या आवाजात म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. "निदान हात तरी झाक. सगळे बघतायत."

"बघू देत की."

तिने बाही कोपरापर्यंत सारली आणि पिन तारांवर टेकवली. दादाच्याच गाण्याची सुरावट निघाली, एका सुरातून दुसऱ्यात न तुटता सरकणारी, माणूस गातो तशी. नव्या वादकाचा हात तारांवरच थबकला. खोकेवाल्या बायका बाकांवरून उठून उभ्या राहिल्या. दादाची गायची जागा आली आणि निघून गेली. तो तिच्या हाताकडे पाहतच राहिला होता.

ती न थांबता पुन्हा सुरुवातीला आली. "गा की," ती मोठ्याने म्हणाली. "तुझा गळा तरी शाबूत आहे ना?"