माझ्या हाताचे ग्रॅम

दिवाळीच्या आधी आमच्या कोल्हापुरात घरोघरच्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जातात, तिथंच नानकटाई वळतात आणि भट्टीतून भाजून आणतात. आमच्या घरात हे काम माझं. सासूबाई कुणाच्या हातचं सहसा नावाजत नाहीत, पण माझी नानकटाई तोंडात टाकली की म्हणायच्या, "थोरलीच्या हाताला जोड न्हाय." वर्षातून एकदा मिळणारं ते वाक्य मी वर्षभर पुरवून खायची.

मग धाकटी जाऊ आली. शाहूपुरीत केकचा क्लास केलेली, सोबत वजनकाटा घेऊन आलेली. बोलायला गोड, आणि राग यावा असं एकही काम न करणारी. मला तिचा जास्त राग यायचं कारण तेच.

"ताई, वाटीचं माप दर वेळी बदलतंय. तुमचं प्रमाण ग्रॅममध्ये काढूया की," ती म्हणाली. मी हसून वाटी काढली. मनात म्हटलं, काढ बाई, हात काय काट्यावर चढतोय? मैद्याची वाटी मी भरून ओट्यावर दोनदा आपटते. थिजलेलं तूप वाटीत पोकळ बसतं, म्हणून अंगठ्यानं दाबते. पिठीसाखर चाळून सैल भरते. तिनं प्रत्येक जिन्नस मला तीन-तीनदा भरायला लावला, दर वेळी काट्यावर ओतला आणि मधला आकडा धरला. वाटी तीच, पण मैदा, साखर, तूप, तिन्हींचं वजन वेगळं. माझा अंगठासुद्धा तिनं तुपाच्या वजनात धरला होता.

त्या दिवाळीला बेकरीत दोघी गेलो. मी वाटीनं घेतलं, तिनं काट्यानं. भट्टीवाल्यानं दोन्ही पत्र्यांवर आडनावाची चिठ्ठी लावली. आडनाव एकच! भाजलेले पत्रे समोर आले तेव्हा तो म्हणाला, "दोन्ही तुमच्याच घरचं हाय की वो. आता तुमचं तुमी वळखा."

माझी नानकटाई मी डोळे झाकून ओळखीन, अशी माझी फुशारकी होती. एका पत्र्यातली खाल्ली. दुसऱ्यातली खाल्ली. परत पहिल्यातली. सांगताच येईना! धाकटीनंही चव घेतली आणि टाळी वाजवली. "ताई, मला बी वळखंना! म्हंजे जमलं की मला!" तिचा आनंद अगदी खरा होता. भट्टीच्या तोंडाशी ती उभी होती, जळत मात्र मी होते.

घरी सासूबाईंनी दोन्ही डब्यांतली एकेक खाल्ली. म्हणाल्या, "दोन्ही बी थोरलीच्याच हातच्या." धाकटी लाजली, जशी काही शाबासकी तिचीच. तिचीच होती. तिनं सगळं सांगितलं, तेव्हा सासूबाई कौतुकानं तिच्याकडं बघत मला म्हणाल्या, "मग फुडल्या साली हिलाच करू दे. तू बस की निवांत, लई वरसं केलीस."

निवांत! कुणी मागितला होता निवांतपणा?

फराळ आवरताना ती वाटी मी घासूनपुसून माझ्या कपाटात, साड्यांच्या मागं ठेवली आणि कुलूप लावलं. बसा म्हटलं आता शोधत. पुढची दिवाळी आली. नानकटाई झाली, तश्शीच झाली. वाटी कुणी मागितलीच नाही.