भैय्याजी मास्तर आणि नाही म्हणणारा पाद्री

छप्पनच्या नोव्हेंबरात नागपूर तिकडच्या राज्यात गेलं, पांढुर्णा इकडे हिंदीवाल्या राज्यातच राहिलं. शाळेतले मराठीचे तास कमी झाले आणि भैय्याजी मास्तरांना कवायत घ्यायला सांगितलं. भैय्याजींना कवायत येत नव्हती. त्यांनी ती घेतली.

त्याच महिन्यात एका मिशनचे पाद्रीसाहेब जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. बायबलातल्या एका पत्रावर कुणा परदेशी पाद्र्यानं तरुणपणी, पहिल्या महायुद्धात लिहिलेलं भाष्य. मिशनच्या मराठी प्रचारकांना ते उमगत नव्हतं. साहेबांची अट अशी: भैय्याजींनी जानेवारीत प्रचारकांना ते समजावून दिलं तर भाषांतराचं काम भैय्याजींचं. नाहीतर नागपूरच्या प्राध्यापकाचं. आपण हिंदू, हे भैय्याजींनी सांगून टाकलं. साहेब म्हणाले, हरकत नाही, इंग्रजी येतं ना?

हातात उरलेलं मराठीचं काम एवढंच. भैय्याजी दोन महिने वाचत बसले. पानोपानी एकच: माणूस जे जे उभारतो, त्याला देवाचं उत्तर 'नाही'. देवळालाही नाही, चर्चलाही नाही.

बायको जयवंता, लोधीखेड्याकडच्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांची लेक, गहू निवडता निवडता ऐकत होती.

"अजी, कोणावर रागावून राहिला हा?"

भैय्याजींनी सांगितलं, गुरूंवर. लढाई पेटली तेव्हा त्याला शिकवणाऱ्या मोठमोठ्या पंडितांनी जर्मन बादशहाच्या बाजूच्या पत्रकावर सह्या केल्या, देवाच्या नावानं.

"हे आधी सांगा न. मंग तो झाडाले ताण देऊन राहिला."

ताण म्हणजे बहराआधी महिनाभर संत्र्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, पण त्याशिवाय फूल धरत नाही.

"पाणी कधी सोडते पण?"

"ह्या पुस्तकात नाही. पुढच्या पुस्तकांत सोडतो म्हणतात."

"मंग तेही सांगा त्यायले. नाहीतर बगीचा वाळवतील."

जानेवारीत भैय्याजींनी आधी लढाई सांगितली, मग सह्या, मग संत्र्याचा ताण, आणि पाणी पुढच्या पुस्तकांत, हेही. प्रचारकांच्या माना हलायला लागल्या. पाद्रीसाहेब पुस्तकात संत्री शोधत होते.

मागून चिंधू प्रचारकानं विचारलं, "गुरुजी, पाणी सोडलेलं पुस्तक कवा आणता?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, दोन्ही पुस्तकांचं भाषांतर मास्तरांचं. फक्त ते दुसरं त्या लेखकाचं अजून लिहून व्हायचं आहे, दहा खंड झाले तरी संपत नाही.

भैय्याजी म्हणाले, घाई नाही.