हरकतींची फाईल

त्या माणसाला मी माझ्या हाताने चहा दिला, आणि वर "साखर चालेल ना?" असंही विचारलं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात मी अकरा वर्षं अर्ज लिहायचं काम केलं. आमदारांना सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. गटार तुंबलं, रेशनकार्डात नाव चुकलं, ठेकेदाराने कामावरून काढलं, की माणसं माझ्या टेबलाशी यायची. माझा एक नियम होता. नाव, पत्ता, मोबाईल, कंपनी, कोणतं गेट, कोणती शिफ्ट, एवढं असल्याशिवाय मी अर्ज घ्यायचे नाही. नुसती सही असलेला कागद मंत्रालयात जाऊन मरतो, हे मी अनुभवाने शिकले होते. आणि पहिल्या शिफ्टच्या माणसाला सकाळी फोन केला तर तो उचलणार कसा? म्हणून शिफ्ट. या नियमाचा मला भारी तोरा होता.

औद्योगिक पट्ट्याच्या सुरक्षेसाठी म्हणून ते विधेयक आलं. कुठल्याही कामगाराची हजेरी, गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, फोनची माहिती गुप्तचर खात्याने कंपनीकडून थेट मागायची, कोर्टाला विचारायचं कारण नाही. खातं ज्याला संशयित म्हणेल त्याला कंपनीने गेटच्या आत घ्यायचं नाही. का संशयित, ते सांगायचं बंधन कुणावरच नाही. भाऊ त्या विधेयकाच्या समितीवर होते. चाकणला गेटसभेत ते गरजले, "मी भिन्नमतपत्रिका लिहिणार! समितीत एकटा उरलो तरी माझा विरोध नोंदवणार!" टाळ्या पडल्या. लोकांनी आपापल्या हरकती आमच्या कार्यालयात द्याव्यात असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

सगळ्यांत आधी आली ती थेरगावात राहणारी, मूळची लातूरकडची एक बाई. चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर ती सहा वर्षं ठेकेदारीवर होती. प्यायच्या पाण्यासाठी एकदा बायकांना घेऊन गेटवर बसली, तेव्हापासून सुपरवायझर तिला "नेताजी" म्हणून हिणवायचा. उद्या हाच माणूस खात्याला नाव देऊन आपल्याला संशयित ठरवायला लावील, हे तिला भाऊंच्या भाषणाची वाट न बघता कळलं होतं. कंपनीच्या बसमध्ये तिने बरोबरच्या बायकांच्या हरकती लिहून घेतल्या होत्या. स्वतःचा कागद मात्र हातात धरून उभी राहिली.

"ताई, नाव लिवलं तर काय व्हनार न्हाई ना? पुढच्या म्हैन्यात चार बायकायला पर्मनंट करनारेत. त्यात माजं नाव हाय."

"नाव-नंबर नसेल तर मी कागद घेत नाही," मी म्हणाले. "आणि इथला कागद इकडेतिकडे जात नाही. जातो तो समितीत, भाऊंच्या हातून."

तिने लिहिलं. शिफ्ट लिहायची राहिली होती, ती मीच विचारून खाली माझ्या अक्षरात घातली.

पंधरा दिवसांनी तो आला. साधे कपडे, पायात सँडल, हातात पेढ्यांचा पुडा. गुप्तचर खात्याचे अधिकारी तेव्हा समितीतल्या आमदारांना एकेक करून भेटत होते. याला ते विधेयक समजावून सांगणं म्हणायचे. आमचा शिपाई रजेवर, म्हणून चहा मी नेला, आणि काही टिपून घ्यायचं झालं तर असावी म्हणून भाऊंनी मला तिथेच बसवलं. विधेयकाबद्दल तो एक अवाक्षर बोलला नाही. भोसरीची ट्रॅफिक, भाऊंची शुगर, भाऊंच्या मुलीचं कॉलेज. मग कप खाली ठेवत म्हणाला, "चऱ्होलीच्या त्या जागेचं मिटलं का हो, भाऊ? नाही, आमच्याकडे काय काय येत असतं, म्हणून विचारलं."

भाऊंचा चेहरा खाडकन उतरला. त्या जागेची काय भानगड होती ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही पुरतं माहीत नाही. पण गेटसभेत गरजणारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत गोगलगाय झाला. "मिटतंय, मिटतंय," एवढंच म्हणाले.

"आणि हरकती कुणाकुणाच्या आल्यात? लोकांचे गैरसमज असतात. आपण दूर करू."

"ताई, ती फाईल द्या साहेबांना."

कपाटाची किल्ली घरी राहिली म्हणायचं होतं. काहीही म्हणायचं होतं. मी उठले आणि दिली. भाऊ मागतील ते द्यायची सवय हे एक कारण झालं. दुसरं सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते. ती फाईल मी इतकी नीट लावली होती की ती कुणीतरी बघावी असं मला मनातून वाटत होतं.

बोटाला थुंकी लावून त्याने एकेक पान उलटलं आणि मोबाईलवर फोटो काढले. "वा मॅडम, शिफ्टसुद्धा? आमच्या माणसांना नाही जमत असं काम." आणि मी हसले. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या त्या दिल्या, वर त्याची शाबासकीही घेतली!

समितीचा अहवाल आला. त्यात भाऊंची भिन्नमतपत्रिका नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "सुरक्षेचा प्रश्न आहे, ताई. तुम्हाला नाही कळायचं."

"चऱ्होलीचं मिटलं वाटतं," मी म्हणाले. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

विधेयक सभागृहात अजून मंजूर व्हायचं होतं. त्याआधीच एका सकाळी त्या बाईचं कार्ड गेटवर लागेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, वरून आहे. ठेकेदार म्हणाला, वरून आहे. लेखी कुणीच काही देईना. सुपरवायझरने आधल्या दिवशी सगळ्या बायकांना एकेक करून बोलावलं होतं आणि मोबाईलवर जिच्या-तिच्या कागदाचा फोटो दाखवून, हे तूच लिहिलंस का, असं विचारलं होतं. बाकीच्या नाही म्हणाल्या. ती हो म्हणाली. पर्मनंटच्या यादीत तिच्या जागी दुसरीचं नाव लागलं.

हे सगळं तिने माझ्याच टेबलासमोर बसून सांगितलं. कामावर परत घ्यावं म्हणून तिला अर्ज करायचा होता, आणि अर्ज लिहून देणारी दुसरी कुणी तिला माहीत नव्हती. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने एक सणसणीत शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या फोटोत खालची ओळ माझ्या अक्षरात होती, आणि ती तिने पाहिली होती.

माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. मी कोरा कागद पुढे ओढला, नाव लिहिलं, थेरगावचा पत्ता लिहिला, आणि सवयीने विचारून गेले, "मोबाईल नंबर?"

"तुमच्यापशी हाय की, ताई," ती म्हणाली. "शिफ्ट तेवढी खोडा."