व्याह्यांनी फिरवलेला हात

दुसऱ्याचे वाक्य आहे तसे सोडून देणे माझ्या व्याह्यांना आयुष्यात कधीही जमलेले नाही. मी अठ्ठावीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत लोकांच्या बातम्या कापल्या, तेव्हा हे विधान मी जबाबदारीने करतो. मुलीच्या लग्नाची बोलणी करण्यासाठी मी त्यांना पत्र लिहिले, तर माझेच पत्र तांबड्या शाईत दुरुस्त होऊन परत आले. खाली शेरा होता, 'मजकूर मान्य, मांडणी सैल.' लग्न ठरल्याचे मला त्या शेऱ्यावरून कळले. आगरदांड्याच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना ते वेळापत्रकाच्या फलकावर खडूने सुधारणा करतात. शोकसभेत वक्त्याने मृताला 'मनमिळाऊ' म्हटले की पहिल्या रांगेतून 'मितभाषी' असा पर्याय सुचवतात. त्यांच्या मते हा सगळा दुसऱ्यावर केलेला उपकार असतो. "मी काही बदलत नाही हो, जरा हात फिरवतो," असे ते म्हणतात.

नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ओटीवर एक 'सामूहिक अंक' सुरू केला. गावातल्या प्रत्येकाने काही लिहायचे किंवा सांगायचे, मग सगळ्यांनी मिळून पाने दुमडायची, शिवायची आणि पोफळीच्या गळून पडलेल्या रुंद विरीचे, म्हणजे झावळीच्या बुडाच्या चिवट पापुद्र्याचे, वेष्टण घालायचे, अशी पद्धत. दुमडणे आणि शिवणे खरोखरच सामूहिक होते. लेखन मात्र आतल्या खोलीत जाई, तिथे त्यावर हात फिरे आणि बाहेर येई तेव्हा पोस्टमन, खानावळवाली आणि बोटीवरचा तिकीटवाला हे तिघेही एकाच स्वरात हुरहुरत असत. मी हे एकदा बोलून दाखवले. "सामूहिक म्हटल्यावर एक सूर नको का?" व्याही म्हणाले.

याच सुरात थळची एक मासळीवाली सापडली. ती आठवड्यातून दोनदा वाडीवर येई आणि टोपली उतरवून तासभर व्याह्यांशी गप्पा मारी. तिचा नवरा एकदा वादळात होडीसकट बेपत्ता झाला होता आणि काही दिवसांनी परत आला होता. ती हकीगत तिने अंकासाठी सांगितली. प्रकाशनाच्या दिवशी व्याह्यांनी ती भरल्या गळ्याने वाचली, 'सात दिवस त्या निळ्या अथांगतेने माझे सौभाग्य गिळले होते...' मागून बाई उठून उभी राहिली. "ह्यो कोन बोलतो? मी न्हाय." अंक न घेता ती निघून गेली. त्यानंतर मासळी येत राहिली, पण मागच्या दाराने, विहीणबाईंकडे. व्याह्यांशी एक शब्द नाही. त्यांनी दर वर्षी नव्या लेखासाठी निरोप पाठवला. दर वर्षी उत्तर एकच, "गुरुजींना सांगा, त्यांच्याकडं मोप शब्द हायत. माझं कशाला पायजेत?" हे उत्तर त्यांना लागत असे. कारण त्या उत्तरात दुरुस्ती करण्यासारखे काही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी काशीदला उतरलेल्या एका परदेशी बाईंच्या हाती हा अंक पडला. त्यांना मराठीचे अक्षरही कळत नव्हते, म्हणून अंक फारच आवडला. एका गावाने मिळून केलेले पुस्तक! त्यांनी व्याह्यांना एस्टोनियातल्या एका लहानशा गावी सामूहिक पुस्तकनिर्मितीची आठ दिवसांची कार्यशाळा घ्यायला बोलावले. व्याह्यांनी सामानात मेतकूट, आमसुले आणि डझनभर तांबडी पेने घेतली. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "तिकडची भाषा येत नाही, हे बरंय. चार लोकांचं ऐकून तरी घ्याल."

पुढचे व्याह्यांनी सांगितलेले आहे, आणि आयोजक बाईंनी पाठवलेल्या चित्रफिती पाहून मी ते पडताळले आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि हात फिरवण्यासाठी खोलीवर नेले. एकही शब्द वाचता येईना. दुसऱ्या दिवशी दुभाषी मुलीने एका म्हाताऱ्या सुताराचा मजकूर इंग्रजीत सांगितला. सगळी मिळून पाच वाक्ये. व्याह्यांनी सहावे सुचवले. मुलगी म्हणाली, "पण त्यांनी हे लिहिलेलं नाही." व्याह्यांनी तिला सामूहिक सूर समजावला. तिने तो सुताराला समजावला. सुताराने आपला कागद घडी करून खिशात घातला. उरलेले सहा दिवस व्याह्यांनी फक्त सुयांत दोरे ओवले. "अख्ख्या पुस्तकात माझा एक शब्द नाही," असे ते परतल्यावर म्हणाले. ही तक्रार होती की बढाई, हे मला ठरवता आले नाही. अलिबागेत सत्कार झाला तेव्हा मानपत्रातल्या चार चुका त्यांनी व्यासपीठावरच काढल्या, त्यामुळे प्रकृती ठीक असल्याची खात्री पटली.

पण त्याच आठवड्यात ते मागच्या दारी जाऊन बसले. मी लेकीकडे गेलो होतो, तेव्हा हे स्वतः पाहिलेले. मासळीवाली आली तशी ते म्हणाले, "बाई, ती गोष्ट पुन्हा सांगाल? तुम्ही बोला, मी नुसतं उतरवतो."

"परत ता निळा-निळा घालाल."

"नाही घालणार."

तिने विहीणबाईंकडे पाहिले. विहीणबाईंनी खांदे उडवले. मग ती पायरीवर टेकली. "लिवा. वारा सुटला. सगल्या होड्या आल्या, आमची न्हाय आली. मी भाकरी थापल्या, त्याच्यापन थापल्या. सात दिसांनी आला." तिने बोटे मोजली. "सात का पाच? घरवाला जिता असता तर त्याला इचारला असता."

"पाच," व्याही म्हणाले.

"तुमाला कसा ठावं?"

"तुम्ही पाच सांगितले होते. सात मी केले. वाचायला बरे वाटतात म्हणून."

"आन् मीबी सगल्यांना सातच सांगत फिरते," ती म्हणाली. मग टोपली बाजूला सरकवून तिने विचारले, "आनखी काय काय केलात, गुरुजी?"

व्याह्यांनी पेन खाली ठेवले आणि आठवेल तसे एकेक सांगू लागले. ती ऐकत होती. कुठे नकाराची मान हलवी, कुठे म्हणे, "तेवढा ऱ्हाऊ द्या, तसाच झाला असंल." टोपलीतल्या बर्फाचे पाणी पायरीवरून खाली ओघळत होते, आणि दोघांपैकी कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते.