खांदेदुखीचं मलम

इस्त्रीवाले काका साठीला टेकलेले. अंगातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आटलेलं, त्यामुळे भर दुपारी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे. आमच्या दवाखान्यात त्यांना इंजेक्शन सुरू झालं. नर्स म्हणून ते मीच टोचायचे. पहिला आठवडा काका वाघ, तिसऱ्या आठवड्यात शेळी. मग अंगाला चिकटवायची औषधाची पट्टी दिली, तर लाँड्रीच्या वाफेनं ती टिकेचना. शेवटी त्याच हार्मोनचं जेल आलं, रोज सकाळी खांद्याला चोळायचं. ‘उपचारानं किती समाधानी?’ या फॉर्मवर काकांनी इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला.

सूचना मी पोपटासारख्या म्हटल्या होत्या: जेल वाळू द्या, हात धुवा, वर शर्ट घाला. काकांनी मान डोलावली. जगाचे शर्ट इस्त्री करणारा हा माणूस स्वतः दिवसभर बिनबाह्यांच्या बनियनवर असतो, हे मला ठाऊक होतं. माझा युनिफॉर्म त्यांच्याकडंच इस्त्रीला असायचा. ‘शर्ट घालता ना?’ एवढं विचारायला माझी जीभ झिजली असती का?

घरी काकांनी काही सांगितलं नाही. या वयात ही थेरं कशाला, असं सुनेला वाटेल म्हणून. ट्यूबचं लेबल खरवडलं आणि खांदेदुखीचं मलम म्हणून सांगितलं. चार वर्षांची नात रोज दुपारी त्यांच्याजवळ असायची. त्याच उघड्या खांद्यावर गाल टेकून झोपायची.

काही महिन्यांनी पोरगी भराभर उंच व्हायला लागली. काखेत केस आले, घामाला मोठ्या माणसासारखा वास. पुन्हा पुन्हा रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. घरात कुणी हार्मोनचं औषध लावतं का, असं मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं. मुलगा आणि सून प्रामाणिकपणे नाही म्हणाले. काका तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते, नातीला खांद्यावर घेऊन.

पुढची ट्यूब न्यायला आले तेव्हा त्यांनी ही काळजी मला बोलून दाखवली. हातातली ट्यूब मी परत खाली ठेवली.

“काका, ती तुमच्या खांद्यावर झोपते?”

“मग कुठं झोपणार?” म्हणाले, आणि पुढचं मी सांगायच्या आतच खाली बसले.

त्याच दिवशी त्यांनी घरी सगळं सांगितलं. मुलगा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “बाबा, चार महिने तिला आम्ही सुया टोचवत होतो.”

जेल बंद झालं. पोरगी हळूहळू सावरते आहे. हाडं मात्र वयाच्या पुढं गेलीत, लक्ष ठेवावं लागेल. काका पुन्हा इंजेक्शनवर आले. सुईतलं औषध अंगाला अंग लागून दुसऱ्याला जात नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलं. खुशाल उचला तिला, म्हटलं.

परवा लाँड्रीत गेले. तेवढ्या वाफेत काका गळ्यापर्यंत बटणं लावून उभे होते. नात टेबलापासून चार हातांवर.

“आजोबा, आज हात लावू?”

“उद्या, बाळा.”

“काल पण उद्याच म्हणालात,” ती म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.