एकविसाव्या दिवसाचं पाणी

नेरे गावाच्या वरच्या अंगाला मालूची दहा गुंठे माळजमीन आहे. नवरा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा धाकट्या दिराने, तुळशीरामने, खालची भातखाचरं घेतली आणि माळ तिला दिला. विहीर सामाईक राहिली. मोटरच्या खोपीची किल्ली मात्र त्याच्या कमरेला.

पहिल्या वर्षी तिने माळावर गहू केला. कृषी सहायक किशोरीने सांगितलं तसाच: शेणखत घालून, बी मोजून, ओळीत. एकविसाव्या दिवशी नवी मुळं फुटतात, तेव्हा पहिलं पाणी चुकवायचं नाही, हेही तिने बजावलं होतं. त्या दिवशी मालू किल्ली मागायला गेली. तुळशीराम ओटीवर नखं कापत होता.

"गव्हाला कशाला पानी, वयनी? दव पुरतं."

किल्ली मिळाली पंधरा दिवसांनी. गहू झाला सत्तर किलो. मालू भांडली नाही. ते वाक्य मात्र तिने जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी तिने पहिल्या पाण्याला विचुंब्याहून टँकर मागवले. गहू भरला दोनशे तीस किलो.

तिसऱ्या वर्षी तुळशीराम बायकोला, गोदूबाईला, घेऊन बियाणं मागायला आला. "माळावर एवढं, तर खाचरात दुप्पट होईल."

मालूने निवडक बी मोजून दिलं. खत, ओळी, अंतर, सगळं खरं सांगितलं.

"आन् पानी?"

"गव्हाला कशाला पानी, भाऊजी? दव पुरतं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने सल्ला ऐकल्यासारखी मान हलवली आणि पिशवी उचलली. त्याला काही आठवलंच नव्हतं. मालूने आठवण करून दिली नाही.

बी घेतल्यामुळे यंदा किल्ली वेळेवर मिळाली. पाणी वर चढताना बघून तो गोदूबाईला म्हणाला, "माळ तापतो, त्याला लागत असंल."

फेब्रुवारीत किशोरी आली. तिने दोन्ही शेतांतलं एकेक रोप उपटलं. मालूच्या रोपाला सहा फुटवे, तुळशीरामच्या रोपाला एक.

"पहिलं पाणी कधी दिलंत?"

"नाय दिलं. वयनीच म्हनली, दव पुरतं."

"ते तुमचंच बोलनं," मालू म्हणाली. "दोन वर्सांमागं. ओटीवर नखं कापत हुतात."

"मी कदी बोललो?"

"बोललात," गोदूबाई म्हणाली. "मी हुते तितं."

"मालूताई, हे बरोबर केलं नाहीत," किशोरी म्हणाली.

"नायच केलं."

तुळशीरामच्या ओंब्या दाणा न भरताच सुकल्या होत्या. त्यांतलं बी धरण्यासारखं नव्हतं. पुढच्या साली त्याला पुन्हा तिच्याच दारात यावं लागणार होतं, हे तिथे उभ्या चौघांनाही कळत होतं.

"बी देईन," मालू म्हणाली. "पन पयलं पानी माळाला, मग खाचराला. दर साल. लिवून द्या."

त्याने किशोरीच्या वहीत लिहिलं, सही केली.

"आता वाचा."

त्याने वाचलं.

"गोदूबाईला ऐकू गेलं नाय," मालू म्हणाली. "जरा मोट्यानं."